दुपारचा वास वेगळा, संध्याकाळचा वेगळा : अमळनेरच्या एका घराचं प्रकरण

घर अमळनेरचं, जुन्या वस्तीतलं. पुढचा भाग स्लॅबचा, दोन मजली. मागची एक खोली अजून धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, तिला घरात कोठीघर म्हणतात. जिभाऊ, माय, थोरला मुलगा, वहिनी आणि त्यांची दोन मुलं अशी सहा माणसं. धाकटा पुण्याला नोकरीला. त्याच्यासाठी वर बांधलेली खोली आणि तिला जोडून असलेलं न्हाणीघर दिवाळीपासून बंद. गल्लीच्या तोंडाशी माझं हार्डवेअरचं दुकान. या घरातल्या कूलरच्या पंपापासून मोरीच्या जाळीपर्यंत बरंच सामान तिथूनच गेलेलं, म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेक माहेरी आली, सोबत चार महिन्यांचं बाळ. दारातून आत पाऊल टाकताच तिनं विचारलं, "माय, घरमा हाऊ कसाना वास यी ऱ्हायना?" माय म्हणाली, "माले ते काहीच येत नही." माय खोटं बोलत नव्हती. सतत एकाच वासात राहिलं की नाक काही मिनिटांतच त्याची दखल घेणं सोडतं. त्यामुळे घराला वास येतो का, हे घरच्यांना विचारून उपयोग नसतो. बाहेरून आलेल्या माणसाचं पहिलं अर्धं मिनिट खरं.

पंधरा दिवसांनी लेकीला न्यायला व्याही येणार होते. वहिनींनी तोवर जमेल ते सगळं केलं. दर थोड्या वेळानं आपोआप फवारा मारणारं सुगंधाचं यंत्र भिंतीवर लावलं. त्याची बाटली तीनशेच्या पुढे आणि ती महिनाभरही पुरेना. लादी पुसायच्या पाण्यात फिनाईल दुप्पट झालं, दोन्ही वेळा उदबत्ती सुरू झाली. कुणीतरी सांगितलं म्हणून कूलरच्या टाकीतही झाकणभर फिनाईल गेलं. त्या दुपारी सगळ्यांची डोकी धरली आणि बाळ खोकायला लागलं. थोरला दुकानात आला तो आणखी जास्त वासाचं काही आहे का, हे विचारायला.

मी त्याला काही विकलं नाही. घरी जाऊन सांगितलं की दोन दिवस यंत्र बंद, उदबत्ती बंद, फिनाईल बंद. वहिनींना पटेना. "भाऊ, आहे तो झाकला जात नाही आणि तुम्ही उघडाच करायला सांगता!" पण सुगंधाच्या थराखाली कुठला वास कुठून येतो हे कुणालाच कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय एक रुपयाही खर्च करण्यात अर्थ नसतो.

कॅलेंडरच्या पाठीवरची नोंद

नाक ताजं होतं ते एकट्या लेकीचं. शेजारीपाजारी, काकांकडे, मैत्रिणीकडे तिचं जाणंयेणं चालूच होतं. तिला एवढंच सांगितलं की बाहेरून आलीस की जुन्या कॅलेंडरच्या पानामागे चार गोष्टी लिही. किती वाजले, वास कुठे आला, कूलर चालू होता की बंद, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन चालू होता की बंद.

दोन दिवसांत पान भरलं आणि त्यात जे दिसलं ते घरातल्या कुणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं. वास एक नव्हता. दुपारी बाराच्या पुढे, कूलर चालू असताना, बैठकीत ओल्या गोणपाटासारखा कुबट वास. संध्याकाळी सातच्या सुमारास, कूलर बंद आणि एक्झॉस्ट चालू असताना, जिन्यात आणि स्वयंपाकघराच्या दारात नाल्याचा, कुजक्या अंड्याच्या अंगानं जाणारा. सकाळी मोरीजवळ आंबट. आणि कोठीघरात कधीही जा, कोंदट. घरचे या चौघांना मिळून "तो वास" म्हणत होते आणि चौघांवर एकच फवारा मारत होते.

संध्याकाळचा वास

मला सगळ्यात रस होता तो यात, कारण तो जिन्यातून येत होता आणि जिन्यात वास येण्यासारखं काहीच नव्हतं.

खान्देशात मे महिन्यात पारा ४४-४५ च्या घरात जातो. सकाळी नऊ-दहापासून दारं-खिडक्या लावलेली असतात, ती दिवेलागणीपर्यंत उघडत नाहीत. या बंद घरात कूलर चालू असला की तो बाहेरची हवा आत ढकलतो. आतला दाब किंचित वाढतो आणि हवा फटींतून बाहेर पडत राहते. एक्झॉस्टचं काम उलटं. तो हवा बाहेर फेकतो, मग तेवढीच हवा कुठून तरी आत यावीच लागते. खिडक्या बंद असतील तर ती जिथून सोपं पडेल तिथून येते. या घरात ती वरच्या बंद न्हाणीघरातून येत होती.

प्रत्येक न्हाणीघराच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम साचून राहतं आणि तेच पाइपातल्या घाण हवेला अडवतं. त्याला दुसरं झाकण नसतं, पाणी हेच झाकण. न्हाणीघर वापरात असलं की ते रोज आपोआप भरतं. वरचं न्हाणीघर दिवाळीपासून कोणी वापरलं नव्हतं आणि मार्चपासूनच्या कोरड्या उन्हाळ्यानं उरलंसुरलं पाणीही नेलं. जाळी काढून बॅटरी मारली तर ट्रॅप ठणठणीत कोरडा, कमोडचं पाणीही खाली गेलेलं. म्हणजे सेप्टिक टाकी आणि जिना यांच्यामध्ये अडसर असा काही उरलाच नव्हता. फोडणी देताना वहिनी एक्झॉस्ट लावायच्या आणि तो पंखा वरच्या पाइपातली हवा जिन्यातून खाली ओढायचा. दुपारी कूलरच्या दाबानं ती मागे राहायची, म्हणून दुपारी हा वास नसायचा.

उपाय एक बादली पाणी. ट्रॅपमध्ये आणि कमोडमध्ये पाणी ओतलं, वरून दोन-दोन चमचे शिलाई मशिनचं तेल सोडलं. तेलाचा पातळ थर पाण्यावर तरंगतो आणि वाफ होणं बरंच कमी करतो. खायचं तेलही चालतं, पण ते काही दिवसांनी स्वतःच खवट होतं, म्हणून मशिनचं बरं. जिभाऊंनी त्यात आपली भर घातली. प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत पाणी भरून, तोंड घट्ट बांधून, ती जाळीवर ठेवून दिली. पिशवी जाळीच्या आकाराला बसते आणि भोकं झाकते. माझ्या दुकानात झडपेची जाळी मिळते, तिच्यापेक्षा ही फुकटची पिशवी बंद खोलीसाठी चांगली, हे दुकानदार असूनही मला म्हणावं लागतं.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघराची एक खिडकी बोटभर उघडी ठेवून एक्झॉस्ट लावला. जिन्यातला वास गेला तो गेला. आता दर पंधरवड्याला वर एक बादली ओतायची, कॅलेंडरवर एकादशीच्या रकान्यात खूण. माय एकादशी चुकवत नाही.

एक गोष्ट मात्र मी थोरल्याला जरा आवाज चढवून सांगितली. वास कुठून येतो ते बघायला सेप्टिक टाकीचं झाकण उचलायचं नाही. तिथला वायू थोडा असताना अंड्यासारखा वास देतो, जास्त झाला की नाकच बधिर करतो. वास थांबला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच कोसळतो.

कूलर

दुपारच्या वासाचा उगम शोधायची गरजच नव्हती. कूलरच्या बाजूची जाळी उघडली तर आतलं गवत दोन उन्हाळ्यांपूर्वीचं, काळपट, वरच्या कडेला पांढरा चुना बसलेला. आपलं पाणी जड. वाफ उडून जाते, क्षार मागे राहतात. तळाशी बोटभर गाळ. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे टाकीतलं पाणी फेकणं माय आणि वहिनी दोघींच्याही जिवावर यायचं. त्या वरून भर घालत राहायच्या, तळातलं कधी निघायचंच नाही.

साचलेल्या पाण्यातले सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचा पदार्थ तयार करतात. पहिल्या पावसात मातीला जो वास येतो त्यातही मुख्य हाच असतो. अंगणात तो हवासा वाटतो, बंद बैठकीत दिवसभर पंख्यानं तोंडावर मारला की मळमळतं.

गवत बदललं. तिन्ही बाजूंचं मिळून दोनशेच्या आसपास पडलं, आणि या साऱ्या प्रकरणातला तोच मोठा खर्च. टाकीतला चुना लिंबूसत्वानं काढला. बादलीभर कोमट पाण्यात मूठभर, ब्रशनं घासून, पत्र्याची टाकी आहे म्हणून लगेच धुऊन टाकलं, कारण आंबट पाणी पत्र्यात मुरलं की गंज धरतो. मग दोन सवयी. पहिली, रात्री किंवा पहाटे कूलर बंद करायच्या आधी पंप बंद करून नुसता पंखा दहा-पंधरा मिनिटं चालवायचा, म्हणजे गवत ओलं राहत नाही. दुसरी, आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी पुसायची. आरोग्य खात्याचे लोक डेंग्यूसाठी जो कोरडा दिवस पाळायला सांगतात तोच हा. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, त्यामुळे एका कामात दोन होतात. फेकायच्या पाण्याचं वाईट वाटत असेल तर ते अंगण धुवायला आणि संडासात टाकायला ठेवावं. क्षार साठलेलं असतं म्हणून कुंड्यांना घालू नये.

तरी थोडा वास उरलाच. थोरला म्हणाला, "गवत खराब निघालं." गवत चांगलं होतं. कूलर ज्या खिडकीत बसवला होता तिच्या खाली सांडपाण्याची उघडी गटार, आणि कूलर जी हवा आत घेतो ती तिथलीच. कूलर दुसऱ्या खिडकीत हलवला, उलट बाजूची झडप उघडी ठेवली. अनेक घरांत कूलर चालू असताना सगळं गच्च बंद ठेवतात, थंडावा पळू नये म्हणून. हवेला बाहेर जायला वाट नसली की ओल आत साठते, गाद्या आणि पडदे ती पितात. थंडावाही उलट कमी होतो.

वाळा ही मायची सूचना. आखाजीच्या घागरीसाठी आणलेली जुडी शिल्लक होती. ती सुटी करून पातळ फडक्यात बांधली आणि जिथून पाणी गवतावर पडतं तिथे अडकवली. हा वास मला कुठल्याही बाटलीपेक्षा आवडतो, पण तो घाण गवतावर बांधला असता तर त्याचाही फवाराच झाला असता.

चीक

मोरीचा आंबट वास उन्हाळी कामांचा होता. आमच्याकडे एप्रिल-मे म्हणजे कुरडया, बिबडे, पापड. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात, मग वाटून चीक काढतात. ते बदललेलं आंबूस पाणी आणि चोथा धुतलेलं पाणी अर्थातच मोरीत. त्यातलं पिठूळ ट्रॅपच्या वाटीत बसतं आणि तिथेच आंबत राहतं. हे पाणी आता मागच्या लिंबाच्या झाडाच्या आळ्यात जातं, साधं पाणी मिसळून.

ट्रॅपची वाटी उचलून हातानं साफ करण्याला पर्याय नाही. हातमोजा म्हणून दुधाची जाड पिशवी चालते. नंतर धुण्याचा सोडा, दोन मोठे चमचे, गरम पाण्यात. गरम म्हणजे हात घालवत नाही इतपत, उकळतं नाही. पीव्हीसीचा पाइप उकळत्या पाण्यानं मऊ पडतो. वहिनींनी मोबाईलवर खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचा उपाय पाहिला होता. फेस छान येतो, बघायला मजा येते. पण दोघं एकमेकांना मारतात आणि मागे जवळपास खारट पाणीच उरतं. वेगवेगळे वापरले तर दोन्ही कामाचे. फ्रीजमधल्या आंबूस वासाला उघड्या वाटीत खायचा सोडा, माशाच्या भांड्याला आणि मुलांनी ओल्या केलेल्या गादीला पाण्यात मिसळलेलं व्हिनेगर.

त्यांच्या मोरीच्या फळीवर ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं ॲसिड शेजारी-शेजारी होतं. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो घुसमटवतो, फुफ्फुसं भाजतो. ॲसिडचा डबा वर ठेवला, पावडर दुसऱ्या खोलीत. स्वच्छतेच्या उत्साहात माणसं हेच करतात, एकानं निघालं नाही म्हणून त्यावर दुसरं.

धुण्याच्या सोड्यानंच एक्झॉस्टची पाती निघाली. वांगी भाजणं, काळ्या मसाल्याचं भाजणं, शेवभाजीची तर्री या सगळ्याचं तेल पात्यांवर चिकटून जुनं होतं आणि खवट मारतं. पाती प्लॅस्टिकची होती म्हणून सोडा चालला, ॲल्युमिनियमला तो खातो. ओट्याची फडकी त्याच पाण्यात उकळून कडक उन्हात. आपल्याकडचं ऊन फुकट आहे आणि त्याच्याइतकं काम बाजारातली कुठली बाटली करत नाही. गाद्या-गोधड्या दोन दुपारी गच्चीवर टाकल्या, मध्ये एकदा उलटल्या.

कोठीघर आणि ट्रंक

कोठीघरात वर्षाचे गहू, दादर ज्वारी, कांदे-लसूण आणि जुन्या कपड्यांची ट्रंक. कांद्यांच्या ढिगात तळाशी चार सडलेले होते, ते काढताच निम्मा वास गेला. बाकीचे बाजेवर पसरले.

ट्रंकेचं प्रकरण गंभीर निघालं. बाळाच्या अंगाखाली घातलेली गोधडी तिच्यातलीच, डांबरगोळ्यांत वर्षभर पडलेली. लेकीला तो वास "स्वच्छ" वाटत होता. डांबरगोळी नॅफ्थलीनची असेल तर तिची वाफ तान्ह्या बाळाला बाधू शकते. काही बाळांच्या रक्तात जीसिक्सपीडी नावाचं विकर जन्मतः कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी यानं फुटतात आणि कावीळ वाढते. अशा बाळांना कापराचाही धोका सांगतात, शिवाय पोटात गेला तर कापूर कुठल्याही मुलाला विषारीच. गोधडी लगेच धुतली, उन्हात दोन दिवस ठेवली, गोळ्या काढून टाकल्या. त्यांच्या जागी सावलीत वाळवलेला कडूलिंबाचा पाला आणि वेखंडाचे तुकडे, मलमलीच्या फडक्यात बांधून. कपाटात अंगाच्या साबणाची वडी वेष्टण उघडून ठेवली. महिना-दोन महिने कपडे सुवासिक राहतात आणि वडी कोरडी झाल्यानं नंतर आंघोळीला जास्त दिवस पुरते.

कोपऱ्यात कोळशाची टोपली ठेवा असं सांगणारे पुष्कळ. साधा कोळसा थोडाफार शोषतो, पण ओल चालू असलेल्या खोलीत टोपलीभर कोळशानं काही होत नाही. चुनकळी, म्हणजे न विरवलेला चुना, ओल खेचते हे खरं, पण पाणी लागलं की ती तापते आणि डोळ्यात गेली तर डोळा जातो. लहान मुलांच्या घरात मी ती सुचवत नाही.

सुगंध आणि खर्च

सगळं झाल्यावर वहिनींनी विचारलं, आता तरी उदबत्ती लावू का? लावा की. देवापुढे एक, खिडकी उघडी असताना, बाळ दुसऱ्या खोलीत असताना. धूर तो धूरच, चंदनाचा असला तरी.

खरा फरक वेळापत्रकानं पडला. पहाटे पाच ते साडेसात सगळी दारं-खिडक्या सताड, समोरासमोरच्या आधी. रात्री लू थांबली की पुन्हा. लादी पुसण्याचं पाणी कमी, फडकं घट्ट पिळलेलं, पाठोपाठ पंखा. बैठकीत ताटलीत मोगऱ्याच्या कळ्या, उन्हाळ्यात त्या स्वस्तच असतात. स्वयंपाक झाल्यावर त्याच गरम शेगडीवर पातेलीत पाणी आणि पिळलेल्या लिंबांच्या साली, गॅस बंद करून. तेवढ्या उष्णतेवरही वास सुटतो, गॅस वेगळा जात नाही.

गवत, सोडा, लिंबूसत्व, मशिनच्या तेलाची बाटली, वेखंड मिळून खर्च पाचशेच्या आत राहिला. गवत उन्हाळाभराचं, बाकीचं वर्षभर पुरेल. यंत्राच्या बाटल्यांचा दोन महिन्यांचा खर्च याहून जास्त होता. यंत्र थोरल्यानं आपल्या दुकानात लावलं.

व्याही आले, आमरस-पुरणपोळी खाऊन, लेकीला आणि बाळाला घेऊन गेले. वासाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. विहीणबाईंनी एवढंच विचारलं की कूलरला वाळा कुठून आणला.

कोठीघर मात्र सुटलेलं नाही. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि मागच्या भिंतीला पुन्हा ओल आली. धाब्यावर दरवर्षी पावसाआधी खारी माती टाकावी लागते, ती दोन वर्षं टाकलेली नाही, आणि ते काम जाणणारी माणसं आता गावात कमी उरलीत. धान्याच्या कोठ्या विटांवर उचलून भिंतीपासून वीतभर पुढे घेतल्या आहेत, ट्रंक पुढच्या खोलीत आणली आहे, उघडीप मिळाली की दार उघडं असतं. पोपडे धरलेल्या भिंतीवर सोडा, वेखंड, लिंबू काहीच चालत नाही. तिला गवंडी लागतो. जिभाऊ म्हणतात धाबं ठेवायचं, खारी टाकू. थोरला म्हणतो पाडून स्लॅब टाकू. स्लॅबचा हिशेब मी काढून दिला आहे, खारीचा माणूस पारोळ्याकडचा एक सांगितला आहे. कपाशीचे पैसे हाती आल्यावर काय ते ठरेल.